दोर धरणारा हात

मुकुटबनच्या बसथांब्यापासून हाकेच्या अंतरावर रहमतचं टिनाचं दुकान. दारातच जळक्या तांब्याच्या तारेचा वास यायचा. आत उघडून ठेवलेल्या विहिरींच्या चार-सहा मोटारी आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेले लहानमोठे पाने. रहमत सत्तेचाळीस वर्षांचा, अंगानं आडवा, बोलायला कमी. विहिरीच्या काठावर बसून पाइपाला कान लावला की खाली चाळीस फुटांवर मोटारीचं बेअरिंग गेलंय की पंख्यात खडा अडकलाय, हे तो सांगायचा, आणि वर काढल्यावर तेच निघायचं. त्यामुळे झरी जामणीच्या जंगलातल्या गावांपर्यंत त्याचं नाव गेलं होतं. पण नुसतं रहमत असं कोणी म्हणत नसे. मोटार अडली की लोक म्हणत, "रहमत-उकंड्याले बोलवा."

उकंडा त्याचा बावीस वर्षांपासूनचा जोडीदार. बौद्धपुऱ्यात राहणारा, काटक, वजनानं साठ किलोच्या आतबाहेर. विहिरीत उतरायचा तो उकंडा, आणि त्याच्या कमरेचा दोर वर धरायचा तो रहमत. काठावर एक पहार खोल ठोकलेली असे. दोर गडगडीवरून येई, पहारीला एक वेढा घेई, आणि त्याचं टोक रहमतच्या हातात. डावा हात नुसता सोबतीला. खरा दोर उजव्यानं धरायचा, हळूहळू ढील द्यायची, आणि खाली काही झालं की मूठ आवळायची. बावीस वर्षांत ती मूठ किती वेळा आवळली असेल याचा हिशेब दोघांनीही ठेवला नव्हता. उकंडा खाली उतरताना वर बघत नसे. बघायची गरजच पडली नव्हती.

दुखणं सुरू झालं दिवाळीनंतर. हरभरा-गव्हाच्या पाण्याचे दिवस, सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि एकदमच बिघडतात. एका विहिरीवर गंजलेल्या पाइपाचे चौदा जोड एका दिवसात खोलावे लागले. प्रत्येक जोडाला मोठा पाना लावून झटके मारायचे. संध्याकाळी घरी आल्यावर उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडावर कोणी खिळा ठेवून हलकेच ठोकावा तसं होऊ लागलं. रहमतनं तेल चोळलं आणि विसरून गेला.

चार दिवसांनी सकाळी चहाचा कप उचलला आणि तो हातातून सुटला. बशीवर पडून फुटला. त्याची बायको बिस्मिल्लाबी चुलीजवळून बघत होती.

"काय झालं वो?"

"काही नाही. गरम होता."

कप गरम नव्हता. चहा तर तिनं केव्हाचा ओतून ठेवलेला. ती तुकडे उचलू लागली. त्यानंतर मात्र ती त्याच्या हाताकडे बघू लागली. टॉवेल पिळताना तो डाव्या हाताला जोर देतो. दाराची कडी डाव्यानं काढतो. नमाजाआधी वजू करताना बादलीतला मग उजव्यानं उचलतो आणि दात आवळतो. तिनं दोनदा विचारलं, दोनदा तो म्हणाला की थंडीचं आहे, जाईल.

हात सरळ ठेवून, पंजा पालथा करून काही उचललं की कळ थेट मनगटापर्यंत जायची. मूठ मिटायची, पण मिटलेली राहायची नाही. आपल्याच बोटांवर आपला हुकूम चालत नाही, हे रहमतला कळलं होतं. ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. उकंड्याला तर नाहीच.

त्या आठवड्यात एका विहिरीवर त्यानं पहारीला दोराचे दोन वेढे घातले. उकंडा कमरेला गाठ मारत होता, त्याच्या लक्षात आलं.

"आज दोन काहून गा?"

"दोर नवा हाय. सरकते."

"नवा? दसऱ्याले तर घेतला."

"मंग नवाच ना तो. उतर तू."

उकंडा हसला आणि उतरला. दोन वेढ्यांनी दोर पहारीला घट्ट बसतो, हातावर भार कमी येतो, पण मग ढीलही अडकत अडकत जाते. त्या दिवशी उकंडा तीनदा मधेच लटकला. वर आल्यावर म्हणाला, "असं नको करू बाप्पा. अर्ध्यात लोंबत ठेवते तू मले, अंगावर काटा येते." रहमतनं मान डोलावली. पुढच्या विहिरीवर पुन्हा दोन वेढे घातले. त्याच्या पुढच्यावरही. उकंड्याची कुरकूर वाढत गेली, आणि काठावर उभे असलेले शेतकरी घाई करू लागले, की एका मोटारीला अख्खा दिवस लागतो काय.

डिसेंबरात कोणीतरी सांगितलं म्हणून रहमत लांबच्या एका दवाखान्यात जाऊन कोपरात इंजेक्शन घेऊन आला. डॉक्टरांनी बजावलं होतं, यानं दुखणं दबेल, पण महिनाभर जोराचं काम करू नका, नाहीतर उलटेल. रहमतनं पहिलं तेवढं ऐकलं. दोन दिवस कोपर ठणकलं, आणि तिसऱ्या दिवशी दुखणं गेलं. असं गेलं की जणू कधी नव्हतंच. त्यानं पाना उचलला, फिरवला, हातोडी मारली. बिस्मिल्लाबीला हाक मारून भरलेली घागर उजव्या हातानं उचलून दाखवली.

तिला बरं वाटायला हवं होतं. पण ती म्हणाली, "एवढ्या लवकर कसं गेलं?"

"सुई होती ती. जादू नाही."

"मले त जादूच वाटून राह्यली."

दुसऱ्या दिवसापासून पहारीला पुन्हा एकच वेढा पडला.

जानेवारीच्या मधल्या आठवड्यात तांड्यावरच्या उत्तमसिंगचा निरोप आला. गव्हाला पाणी द्यायचं होतं आणि मोटार गाळात बसली होती. विहीर जुनी, दगडी बांधणीची, पंचेचाळीस फूट. आतल्या बाजूनं पाय ठेवायला पुढे आलेले दगड होते. उत्तमसिंग स्वतः काठावर उभा होता, पंचावन्नचा, पण अजून पोतं पाठीवर घेणारा माणूस.

सकाळ चांगली होती. उकंडा उतरला, मोटार मोकळी केली, खालून ओरडला, आणि रहमत-उत्तमसिंग दोघांनी मिळून मोटार वर ओढली. रहमतचा हात दुखला नाही. पण एक गोष्ट त्याला जाणवली आणि त्यानं ती झटकून टाकली. मोटारीचा दोर सोडल्यावर त्याची दोन बोटं थोडा वेळ उघडीच राहिली होती. मिटायला सांगितलं तर जरा उशिरानं मिटली. दुखत नव्हतं, म्हणून त्यानं ते मनावर घेतलं नाही.

मग उकंडा वर येऊ लागला. दगडांवर पाय ठेवत तो चढे आणि रहमत वरून सैल झालेला दोर ओढून घेई. अर्ध्यावर आल्यावर त्याच्या डाव्या पायाखालचा दगड निसटला.

दगड आधी खाली गेला, मग पाण्याचा आवाज आला. त्याच्या मधल्या एवढ्याशा वेळात उकंड्याचा सगळा भार दोरावर आला. पहार किरकिरली. रहमतनं मूठ आवळली. निदान त्याला तसं वाटलं. पण त्याच्या डोळ्यांदेखत उजवा पंजा उघडला. कोणी आतून बोटं सोडवावीत तसा, एकेक करून. डाव्या हातातून दोर सळसळत गेला.

उत्तमसिंगनं झेप घेऊन दोर धरला. त्याच्या दोन्ही तळव्यांची कातडी सोलून निघाली, पण त्यानं सोडला नाही, आणि बारा-पंधरा फूट खाली गेल्यावर उकंडा हिसका बसून थांबला. त्याआधी त्याचा डावा पाय विहिरीतल्या कंगोऱ्यावर आपटला होता. त्याची किंकाळी विहिरीतून वर आली ती भिंतींवर आपटत, एकाची चार होऊन. रहमतनं मग दोर धरला, डाव्या हातानं, दातांनी, अंगाला गुंडाळून. शेजारच्या शेतातले लोक धावले. उकंड्याला वर काढलं तेव्हा त्याची टाच बाहेरच्या बाजूला वळलेली होती.

यवतमाळला नेलं, ऑपरेशन झालं, पायात स्टीलची पट्टी आणि स्क्रू बसले. जो तो येऊन एकच बोलत होता, जुन्या विहिरीचा दगड, त्याला कोण काय करणार. रहमत पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून ऐकत होता. उकंड्याची बायको इंदूबाई डोळे पुसत म्हणाली, "तुमी होते म्हनून वाचले वो भाऊ. दुसरा कोनी असता तर दोर सोडून पयाला असता."

उकंडा औषधाच्या गुंगीत होता. त्यानं हात पुढे केला आणि रहमतचा उजवा हात धरला. "या हातानं वाचवलं मले," तो म्हणाला.

रहमतनं हात सोडवून घेतला नाही. उत्तमसिंग दाराशी उभा होता, दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेल्या. त्यानं एकदा रहमतकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली. त्यानं काय पाहिलं होतं, काय नव्हतं, हे रहमतला पुढेही कधी कळलं नाही.

फेब्रुवारीत दुखणं परत आलं, आणि आलं ते दुप्पट होऊन. आता चमचा धरता येईना. सदऱ्याचं बटण लावताना डोळ्यात पाणी येई. दुकान उघडं असे, पण रहमत आत नुसता बसून असे. कोणी विहिरीवर बोलवायला आलं की सांगे, जोडीदार पडला आहे, उतरणार कोण. हे कारण लोकांना पटे. त्यामागे हात लपून राही.

शेवटी बिस्मिल्लाबीनंच त्याला मारेगावला नेलं. तिथं रुपाली म्हणून फिजिओथेरपिस्ट होती, तिशीच्या आतली, दोन खोल्यांत दवाखाना चालवणारी. तिनं कोपराच्या बाहेरचं हाड अंगठ्यानं दाबलं तसा रहमत खुर्चीतून उठलाच. मग हात सरळ करून मनगट वर उचलायला लावलं आणि वरून बोटानं जोर दिला. मनगट कोलमडलं.

"टेनिस एल्बो म्हणतात याला."

"म्याडम, मी पाने मारनारा मानूस. कायचं टेनिस?"

"नाव खेळाचं आहे, दुखणं तुमच्याच कामाचं. मनगट उचलणारे जे स्नायू असतात ना, ते या हाडाला दोरीसारखे येऊन बांधलेले असतात. ती दोरी ताणून ताणून झिजली आहे. सुई घेतलीत का मधे?"

रहमतनं होकारार्थी मान हलवली.

"आणि दुखायचं थांबल्यावर लगेच कामाला लागलात."

त्यानं पुन्हा तशीच मान हलवली. रुपालीनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "वस्तू सुटतात का हातातून?"

खोलीत बिस्मिल्लाबी होती. रहमतनं आधी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "सुटतेत."

"काय सुटलं आतापर्यंत?"

रहमतनं आपल्या उजव्या पंजाकडे पाहिलं. बिस्मिल्लाबीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिला कळलं. तिनं पदर तोंडाशी नेला. मग रहमतनं सगळं सांगितलं, खाली फरशीकडे बघत. दोन वेढे, एक वेढा, उघडलेली बोटं.

रुपाली ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "त्यांना माहीत आहे?"

"नाही."

"मग हात बरा करायचं काम मी सुरू करते. ते दुसरं काम तुमचं."

तिनं टेबलाच्या खणातून हातभर लांबीचा, मनगटाएवढा जाड रबरी दांडा काढला. दुखऱ्या हातानं तो उभा धरायचा, मनगट मागे वाकवून. दुसऱ्या हातानं वरचं टोक पकडून पिळायचा. मग दोन्ही हात समोर सरळ करायचे आणि दुखऱ्या हाताचं मनगट हळूहळू सोडायचं, दांड्याचा पीळ उलगडेपर्यंत. "पिळायचा चांगल्या हातानं, सोडायचा दुखऱ्यानं. सगळं औषध त्या सावकाश सोडण्यात आहे. पंधरा वेळा, मग थांबायचं. दिवसातून तीनदा. थोडं दुखेल, तेवढं चालेल. चमक निघाली तर बंद." मग एक रबरी पट्टा दिला. त्याचं एक टोक पायाखाली दाबायचं, दुसरं मुठीत, हात मांडीवर टेकवायचा, आणि मनगट वर नेऊन अगदी सावकाश खाली आणायचं. शेवटी विचारलं, "घरी हातोडी असेलच?"

"म्याडम, दुसरं काय हाय घरी."

"अर्ध्या किलोची घ्या. दांडा टोकाला धरायचा, डोकं वर. हात टेबलावर. डावीकडे कलवायची, मग उजवीकडे. पडू द्यायची नाही."

रहमतनं आयुष्यभर हत्यारं दुसऱ्या वस्तूंवर चालवली होती. आता हत्यार त्याच्यावर चालणार होतं. घरी येऊन त्यानं दांडा हातात घेतला आणि पिळला. पंधरा झाले. तो थांबला नाही. वीस, तीस, चाळीस. घाम कानामागून वाहू लागला. बिस्मिल्लाबी "बस करा, बस करा" म्हणत होती. साठाला दांडा हातातून पडला. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याभरात कोपर सुजलं आणि लाल झालं.

रुपालीनं कोपर पाहिलं आणि तिचा आवाज चढला. "किती करता?"

"साठ."

"मी पंधरा सांगितले होते. हा व्यायाम आहे, शिक्षा नाही. अशी शिक्षा घेऊन हात कायमचा जाईल, आणि त्यांचा पाय काही त्यानं सरळ होणार नाही."

आठ दिवस सगळं बंद करायला लावलं तिनं, नुसता बर्फ. मग पुन्हा पहिल्यापासून, पाचांवरून.

उकंडा मार्चमध्ये कुबड्यांवर घरी आला होता. त्यालाही पायाच्या व्यायामासाठी रुपालीचाच पत्ता रहमतनं दिला, आणि तिथून तोही तसाच एक रबरी पट्टा घेऊन आला. तेव्हापासून रहमत रोज सकाळी बौद्धपुऱ्यात जाऊ लागला. उकंड्याच्या अंगणात कडुनिंबाखाली दोघं बाजेवर बसत. उकंडा पट्ट्याचा एक फेर पंजात अडकवून पाय पुढे ढकलायचा. शेजारी रहमत मनगट वर नेऊन खाली आणायचा. मोजायचा उकंडाच, दोघांचंही.

"बारा... तेरा... हळू गा, हळू. म्याडम म्हनते सावकाश सोड. तू त फेकून राह्यला."

इंदूबाई चहा आणून ठेवायची आणि हसायची, दोन म्हातारे शाळेत बसल्यासारखे दिसतात म्हणून. उकंडा आनंदात होता. बरा झाल्यावर कोणत्या विहिरीवर आधी जायचं ते ठरवत होता. उत्तमसिंगच्या विहिरीचे दगड सगळे काढून पुन्हा बसवायला लावू, म्हणत होता. "अन् तू हाय वर, मंग मले कायची भीती?" असं तो दिवसातून एकदा तरी म्हणायचाच. ते वाक्य आलं की रहमतची मोजणी चुके.

कोपर सुधारत होतं. चमचा धरता येऊ लागला. हातोडी कलती होत होती पण पडत नव्हती. आणि जसजसं दुखणं कमी होत गेलं, तसतशी रहमतची झोप उडत गेली. हात पूर्ण बरा झाला की उकंडा पुन्हा त्याच्या दोरावर खाली उतरेल, वर न बघता. तो दिवस जवळ येत होता. दुखणं होतं तोवर निदान काही सांगावं लागत नव्हतं.

एप्रिलच्या एका सकाळी उकंडा "दहा, अकरा" म्हणत असताना रहमत थांबला. पट्टा त्यानं बाजेवर ठेवला.

"उकंडा, दगड निसटला ते खरं. पन दोर मी सोडला."

"म्हंजे?"

"दोन महिने आधीपासून दुखत होतं. सुई घेऊन आलतो. तुले सांगितलं नाही. तुया भार आला अन् मायी मूठ उघडली. उत्तमसिंगनं धरलं तुले. मी नाही."

उकंड्यानं पाय पट्ट्यातून काढला. कडुनिंबावर खार चिरकत होती. इंदूबाई दारात चहाची ताटली घेऊन उभी होती, ती तिथंच थांबली.

"दोन येढे," उकंडा म्हणाला. "तवा."

"व्हय."

"मी इचारलं होतं तुले."

"इचारलं होतं."

उकंडा बराच वेळ आपल्या टाचेवरच्या टाक्यांच्या खुणेकडे बघत राहिला. मग त्यानं कुबडी घेतली, उठला आणि आत गेला. आतून त्यानं दार लावलं नाही, पण रहमतला आत ये असंही म्हटलं नाही. इंदूबाईनं ताटली तशीच परत नेली.

त्यानंतर दीड महिना दोघांचं बोलणं नव्हतं. गावात कोणाला काही कळलं नाही, कारण उकंड्यानं कोणाला सांगितलं नाही. त्याचीच रहमतला जास्त भीती वाटे. उकंडा चिडला असता, चार लोकांत शिव्या दिल्या असत्या, तर ते संपलं असतं. तो बाजाराच्या दिवशी कुबडी टेकत दुकानासमोरून जायचा, आत बघायचा नाही, आणि टिनाच्या छपराखाली बसलेल्या रहमतला मेच्या उन्हातही अंगावरून गार काही गेल्यासारखं व्हायचं. तरी व्यायाम त्यानं सोडला नाही. पंधरा, तीनदा. बिस्मिल्लाबी मोजायची. रुपालीनं जास्त ताठ रबराचा दुसरा दांडा दिला, हातोडी एक किलोची झाली. मेअखेरीस तिनं मुठीची ताकद मोजायचं यंत्र हातात दिलं. उजवी मूठ डावीच्या बरोबरीला आली होती.

"आता दोर धरता येईल का म्याडम?"

"हात धरू शकेल," ती म्हणाली. "पुढचं मला विचारू नका."

दोन दिवसांनी सकाळी इंदूबाई दुकानात आली. "त्यायनं बोलावलं. दोर घेऊन या म्हनलं."

रहमत दोर, गडगडी आणि पहार घेऊन गेला. उकंड्याच्या घरामागे जुनी, आटत आलेली विहीर होती. काठावर एक पोतं उभं होतं, तोंड शिवलेलं. उकंडा शेजारच्या दगडावर बसला होता, कुबडी आडवी मांडीवर.

"मुरूम भरला हाय. काट्यावर जोखला. बासष्ट किलो," तो म्हणाला. "तवा मी तेवढाच होतो. एक येढा."

रहमतनं पहार ठोकली. दोर पोत्याला बांधला, गडगडीवरून घेतला, पहारीला एक वेढा दिला. उकंड्यानं कुबडीनं पोतं ढकललं आणि ते काठावरून गेलं. रहमत ढील देत गेला. सावकाश, मनगटाला जराही हिसका न देता, जसं दांड्याला द्यायचा तसं. वीस फुटांवर उकंडा म्हणाला, "थांब. धरून ठेव."

उकंडा पोत्याकडे बघत नव्हता. तो रहमतच्या उजव्या पंजाकडे बघत होता. ऊन वर आलं. घाम कपाळावरून डोळ्यांत गेला, पुसायला हात मोकळा नव्हता. कोपराच्या हाडावर ओळखीची ऊब जमू लागली. दुखणं नव्हे, पण दुखण्याच्या अगदी शेजारची. रहमत बोटांकडे बघत राहिला. आता उघडतील, आता उघडतील.

"वर घे हातभर," उकंडा म्हणाला. रहमतनं घेतलं. "अजून." घेतलं. पहारीच्या अलीकडे दोराचं सैल वेटोळं जमलं. तेवढ्यात उकंड्यानं काही न सांगता कुबडीचं टोक घालून दोर पहारीवरून उचकटला. वेढा निघाला. बासष्ट किलो एकदम हातावर आले.

इंदूबाई किंचाळली. रहमत दोन पावलं काठाकडे ओढला गेला. त्याची टाच दगडाला अडली. मूठ मिटलेली होती. दोर तळव्यात हातभर सरकला, कातडी भाजली आणि थांबला. रहमत तसाच उभा राहिला, पाय रोवून, आणि त्याच्या तोंडून आवाज निघत होता तो त्यालाच ओळखू येत नव्हता.

उकंड्यानं पुष्कळ वेळ त्याला तसंच ठेवलं. मग म्हणाला, "घे वर."

पोतं काठावर आल्यावर रहमत खाली बसला. हाताच्या तळव्यावर लाल पट्टा उठला होता. उकंडा कुबडीवर उठून त्याच्यापाशी आला, त्याचा पंजा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला, जसा जनावराच्या बाजारात खूर बघतात.

"झाला बरा," तो म्हणाला. "मजबूत झाला."

"मंग?"

"मंग काही नाही. मी आता उतरत नाही. तुया हातावर नाही अन् कोनाच्या हातावर नाही." त्याचा आवाज चढलेला नव्हता. "दुकानात बसीन. वाइंडिंगचं काम येते मले. तुले चालत असन त सांग."

रहमतनं सांगितलं की चालतं. उकंडा सोमवारपासून दुकानात येऊ लागला. टेबलापाशी बसून तांब्याची तार गुंडाळायचा, कामापुरतं बोलायचा. दुपारी दोघं एकाच डब्यातलं खायचे. दुरून बघणाऱ्याला काही बदललं आहे असं वाटलं नसतं.

पाऊसकाळ गेला, ऑक्टोबरात पुन्हा मोटारी बिघडू लागल्या. झरी जामणीकडच्या एका शेतातून बोलावणं आलं. उतरायला रहमतनं जीवन नावाचा तिशीतला माणूस घेतला, विहिरी खोदायच्या कामावर राबलेला. काठावर पहार ठोकून झाली. जीवन कमरेला दोर बांधू लागला तेव्हा रहमत म्हणाला, "आधी ऐकून घे. माया या हाताले दुखनं होतं. त्यापायी एक मानूस पडला. आता दुखत नाही. दुखलं त मी आधी सांगीन, अन् मंग तू उतरू नको."

जीवननं गाठ मारता मारता हात थांबवला. त्यानं रहमतच्या कोपराकडे पाहिलं, मग विहिरीच्या काळ्या तोंडाकडे. शेतकरी घाई करत होता. जीवननं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तो बांधाकडे गेला, तिथून बैलाचा जाड, लांब कासरा घेऊन आला, त्याचं एक टोक काठावरच्या बाभळीच्या बुंध्याला स्वतः बांधलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं, आणि दुसरं टोक आपल्या कमरेला बांधलं.

मग तो काठावर बसला आणि पाय आत सोडले. उतरताना त्याची मान वरच होती. डोकं काठाखाली जाईपर्यंत, आणि नंतरही, अंधारातून त्याचे डोळे रहमतच्या उजव्या हातावर होते. रहमत बोटं मिटून उभा होता, आणि दोर सावकाश सोडत होता.